मेघाआडचा तारा

हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्र पूर्वेकडून वर चढू लागले, की ते ओळखण्यासाठी कोणाची मदत लागत नाही. चार पायांचे चार तारे, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे तळपणारा व्याध, हे चित्र आपल्याकडील लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु आकाशाचा तो भाग केवळ या ठळक ताऱ्यांचा नाही. तेथे वायू आणि धूळ यांचे अफाट मेघ पसरले आहेत. मृगाच्या उत्तरेस, मिथुन राशीच्या सीमेलगत, असाच एक मेघ आहे. खगोलशास्त्रज्ञांच्या यादीत त्याला एस २५५ असे रुक्ष नाव मिळाले आहे. तो आपल्यापासून सुमारे ६ हजार प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या पोटात, धुळीच्या दाट पडद्याआड, सूर्याच्या सुमारे २० पट वस्तुमानाचा एक तारा आकार घेत आहे. तो नुसत्या डोळ्याला दिसत नाही, इतकेच नव्हे, तर त्याचा दृश्य प्रकाश मोठ्यात मोठ्या दुर्बिणीपर्यंतही पोहोचत नाही. असे असूनही या ताऱ्याने एक मोठा घास गिळला आणि त्यानंतर वर्षभराने त्यातील काही भाग वेगाने बाहेर फेकला, ही वार्ता २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत पृथ्वीवर येऊन पोहोचली. ती कोणी आणली आणि शास्त्रज्ञ तिची इतकी वाट का पाहत होते, हे जाणण्यासारखे आहे.

सूर्यासारखा लहान तारा कसा जन्मतो, हे पुष्कळसे कळले आहे. थंड मेघाचा एखादा भाग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आत ढासळू लागतो. मेघाला आधीपासूनच मंद गिरकी असते. आत येता येता ती वाढते, आणि सर्व वायू सरळ मध्यभागी न पडता मध्याभोवती चकतीसारखा पसरतो. या चकतीतून थोडा थोडा वायू मध्यावर उतरतो आणि तारा वाढतो. मध्यभाग पुरेसा तापला, की तो स्वतःच्या तेजाने तळपू लागतो. सूर्याएवढ्या ताऱ्याला या साऱ्या घडामोडींसाठी काही कोटी वर्षे लागतात. म्हणजे वायू गोळा होऊन संपतो आणि तारा पूर्ण तेजाने पेटतो तो त्यानंतर.

प्रचंड ताऱ्याची गोष्ट निराळी आहे. सूर्याच्या आठ-दहा पटींहून अधिक वस्तुमान असलेला तारा इतक्या लवकर तापतो, की त्याची वाढ पूर्ण होण्यापूर्वीच तो पेटलेला असतो. त्याचे तेज सूर्याच्या हजारो पटींनी अधिक असते. प्रकाश ज्या वस्तूवर पडतो तिला किंचित ढकलतो. हा धक्का आपल्या अंगाला जाणवत नाही; परंतु अशा ताऱ्याजवळील सूक्ष्म धूलिकणांना तो चांगलाच जाणवतो. धूळ मागे हटते आणि आपल्याबरोबर वायूलाही रेटते. मग प्रश्न असा उभा राहतो, की जो तारा आपल्या तेजाने येणारे अन्नच परत लोटतो, तो वाढणार कसा? १९७० नंतरच्या काही वर्षांत गणिताने ही अडचण स्पष्ट झाली. आकाशात तर सूर्याच्या ५० पट आणि १०० पट वस्तुमानाचे तारे उघड दिसत होते. गणित म्हणे, असे तारे होणे कठीण. आकाश म्हणे, ते आहेत.

काही शास्त्रज्ञांनी यातून एक वेगळी वाट काढली. दाट तारकासमूहात लहान तारे एकमेकांवर आदळून एकजीव होत असतील आणि त्यांतून मोठा तारा बनत असेल, असे त्यांनी १९९८ साली सुचवले. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की मोठा तारादेखील लहान ताऱ्याप्रमाणे चकतीतूनच वाढतो, फक्त प्रकाशाला बाहेर पडण्यासाठी कोठे तरी वाट असली पाहिजे. हा वाद केवळ पंडितांच्या करमणुकीचा नव्हता. आपण श्वासाबरोबर जो प्राणवायू घेतो, तो बहुतांशी अशाच प्रचंड ताऱ्यांच्या पोटात तयार झाला आणि त्यांच्या स्फोटांतून विश्वात विखुरला गेला. ज्यांच्यामुळे हे घडले त्यांचा जन्म कसा होतो, हेच ठाऊक नसावे, ही उणीव लहान नव्हे.

ती वाट कोणती असावी, याची खूण आधीच मिळालेली होती. १९७६ साली मृगातील तेजोमेघामागच्या दाट भागाचे रेडिओ दुर्बिणींनी निरीक्षण करीत असता कार्बन मोनॉक्साइड वायूची वर्णरेषा अपेक्षेपेक्षा फार रुंद आढळली. आगगाडी शिट्टी वाजवीत जवळ येते तेव्हा शिट्टीचा स्वर चढा लागतो आणि ती दूर जाऊ लागली की तो उतरतो. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेला हा नियम रेडिओ लहरींनाही लागू आहे. रुंद रेषेचा अर्थ असा, की तेथील काही वायू आपल्याकडे आणि काही वायू आपल्यापासून दूर, सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने धावत आहे. पुढे १९८० साली वृषभ राशीतील एका मेघात तर चित्र अगदी स्वच्छ दिसले. मध्यभागी नवजात तारा होता. त्याच्या एका बाजूस जवळ येणारा वायू आणि नेमक्या विरुद्ध बाजूस दूर जाणारा वायू होता. तारा जन्मताना वायू आत घेतो, हे सर्वांनी गृहीत धरले होते. तो वायू बाहेरही फेकतो, आणि तोही दोन्ही टोकांकडून फवाऱ्यासारखा, हे मात्र अनपेक्षित होते.

या बहिर्वाहाचे कारण चकतीच्या गिरकीत आहे. फिरणाऱ्या वायूला मध्यावर उतरायचे असेल, तर आपली गिरकी कोणाला तरी देऊन टाकावी लागते. चकतीतून चुंबकीय बलरेषा बाहेर निघालेल्या असतात आणि चकतीबरोबर त्याही फिरतात. शेताच्या माचाणावरून राखण्या गोफण फिरवतो आणि दोरीच्या जोरावर दगड दूर भिरकावतो, तसा थोडा वायू या बलरेषांच्या आधाराने दूर फेकला जातो. तो जाताना गिरकी घेऊन जातो आणि उरलेल्या वायूचा ताऱ्यावर उतरण्याचा मार्ग मोकळा होतो. म्हणजे फेकणे हे गिळण्याच्या आड येत नाही, उलट गिळणे शक्य करते. मोठ्या ताऱ्याच्या बाबतीत त्याचा आणखी एक उपयोग असतो. चुलीला धुराडे असले म्हणजे धूर वर निघून जातो आणि पुढून लाकडे सारता येतात. बहिर्वाहाने मेघात दोन्ही टोकांना पोकळी कोरली, की ताऱ्याचा प्रखर प्रकाश त्या धुराड्यांतून निसटतो आणि बाजूच्या चकतीतून अन्न येत राहते. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर संगणकाने केलेल्या गणितांनी हा मार्ग शक्य असल्याचे दाखवले. परंतु गणितात शक्य असणे आणि प्रत्यक्ष घडणे यांत अंतर असते. मोठे तारे थोडे, फार दूर आणि धुळीत पुरते बुडालेले. त्यांच्या चकतीत काय चालले आहे, ते पाहावे कसे?

येथे एक साधा रेणू साक्षीला आला. तो म्हणजे मिथेनॉल. लाकूड बंद भांड्यात तापवले, की निघणाऱ्या द्रवांत तो असतो; म्हणून त्याला पूर्वी काष्ठमद्यार्क म्हणत. तो पोटात गेला तर मनुष्य आंधळा होतो किंवा मरतो. त्याच्या रेणूत कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. असा रेणू ताऱ्यांमधील ओसाड पोकळीत असेल, हे कोणाला खरे वाटले नसते. परंतु १९७० साली आकाशगंगेच्या केंद्राजवळील मेघांत त्याच्या रेडिओ लहरी सापडल्या. थंड धूलिकणांवर बर्फाचा थर साचतो. त्यावर कार्बन मोनॉक्साइडला हायड्रोजनचे अणू एकामागून एक चिकटतात आणि मिथेनॉल बनते. पुढे शेजारी तारा तापू लागला, म्हणजे बर्फ उडून जातो आणि मिथेनॉल वायुरूपाने मोकळे होते.

परंतु नुसते मोकळे झालेले मिथेनॉल फार मंद लहरी देते. ते ठळक साक्षीदार झाले, ते मेसरमुळे. मेसरची कथा आकाशात नव्हे, पृथ्वीवर सुरू झाली. रेणूच्या ऊर्जेला ठरावीक पायऱ्या असतात. वरच्या पायरीवरील रेणूजवळून योग्य लहर गेली, तर तो खाली उतरतो आणि अगदी तशीच दुसरी लहर सोडतो, असे आइनस्टाइन यांनी १९१७ साली दाखवले होते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, अशा रीतीने लहर वाढत जावी. पण सामान्यतः खालच्या पायरीवरच रेणूंची गर्दी असते आणि ते येणारी लहर गिळून टाकतात. लहर वाढायची असेल, तर आधी रेणू वर चढवले पाहिजेत. पूर्वी विहिरीवर बैल मोट ओढीत. पाणी वर थारोळ्यात पडे आणि मगच पाटाने वाहू लागे. आता मोटा गेल्या आणि पंप आले, पण काम तेच राहिले. रेणू वरच्या पायरीवर चढवण्याच्या क्रियेला शास्त्रज्ञही पंप करणे असेच म्हणतात.

ही युक्ती अमेरिकेतील शास्त्रज्ञ चार्ल्स टाउन्स यांना १९५१ साली वॉशिंग्टन शहरातील एका बागेच्या बाकावर बसले असता सुचली. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अमोनिया वायूवर प्रयोग आरंभला. यश लवकर येईना. तेव्हा त्यांच्याच विभागातील दोन नामवंत प्राध्यापकांनी त्यांच्या खोलीत येऊन हा नाद सोडण्याविषयी त्यांना बजावले. त्यांनी तो सोडला नाही. १९५४ साली यंत्र चालले आणि त्याला मेसर हे नाव मिळाले. लेसर हे त्याचेच पुढचे भावंड. या कार्यासाठी टाउन्स यांना रशियाच्या बासोव्ह आणि प्रोखोरोव्ह यांच्यासह १९६४ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

त्यानंतर एकाच वर्षाने, १९६५ साली, कॅलिफोर्नियातील खगोलशास्त्रज्ञांना मेघांमधून एक विलक्षण तीव्र रेषा सापडली. ती कोणत्या द्रव्याची, हे उमगेना. म्हणून त्यांनी त्या अज्ञात द्रव्याला मिस्टेरियम असे नाव देऊन टाकले. हे नाव शास्त्राचे कमी आणि कोड्याचे अधिक होते. अखेर ते द्रव्य म्हणजे साधा हायड्रॉक्सिल ठरला. त्याची रेषा इतकी प्रखर होती, की केवळ उष्णतेने ती येत असती तर त्या वायूचे तापमान अब्जावधी अंश असावे लागले असते, आणि त्या तापमानाला रेणू टिकतच नाहीत. याचा अर्थ, तेथे मेसर चालू होता. टाउन्स स्वतः पुढे बर्कली येथे गेले, आणि १९६९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या वाफेचे मेसर आकाशात शोधून काढले. मनुष्याने ज्यासाठी इतके श्रम घेतले ते यंत्र निसर्ग कोणाच्याही मदतीवाचून कधीपासून चालवीत होता, हे पाहण्याचे भाग्य त्याच्या निर्मात्यालाच लाभले.

मिथेनॉलचा सर्वांत प्रखर मेसर मात्र पुष्कळ वर्षे लपून राहिला. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल मेंटेन यांनी १९९१ साली अमेरिकेतील ग्रीन बँक येथील ४३ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने तो शोधला. त्याच्या लहरींची लांबी सुमारे ४.५ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ६६७ कोटी कंपने. एवढ्या लांब लहरींना धुळीचा अडथळा होत नाही. त्यानंतर ऑस्ट्रेलियातील पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीने आकाशगंगेचा पट्टा पद्धतशीर धुंडाळला आणि अशी ९७२ ठिकाणे नोंदवली. ही सारी ठिकाणे म्हणजे प्रचंड ताऱ्यांच्या जन्मभूमी होत. लहान तारे जन्मतात त्या मेघांत पुष्कळ शोध घेऊनही हा मेसर मिळाला नाही. त्यामुळे तो आढळला, की धुळीआड मोठा तारा वाढतो आहे, असे निश्चित समजावे.

मिथेनॉलच्या मेसरांचे दोन वर्ग आहेत, आणि खरी मौज त्यांच्या जागांत आहे. मेंटेन यांचा मेसर दुसऱ्या वर्गातला. त्याचे रेणू तापलेल्या धुळीच्या अवरक्त किरणांनी वर चढवले जातात. म्हणून तो ताऱ्याच्या अगदी जवळ, बहुधा चकतीच्या परिसरात पेटतो. पहिल्या वर्गातील मेसरांचे रेणू एकमेकांवर आदळून वर चढतात. आणि अशी आदळआपट होते ती बहिर्वाह भोवतालच्या वायूवर जाऊन धडकतो तेथे, ताऱ्यापासून बऱ्याच अंतरावर. स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांत काही पसरट ठिपके बहिर्वाहाची खूण म्हणून वेगळे काढण्यात आले होते. चित्रांत त्यांना हिरवा रंग दिलेला असल्यामुळे ते हिरवे ठिपके म्हणूनच ओळखले जातात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत अशा ठिपक्यांचे मेसर तपासले, तेव्हा दुसऱ्या वर्गाचे मेसर मध्याजवळ आणि पहिल्या वर्गाचे मेसर बहिर्वाहाच्या अंगाने पसरलेले आढळले. एकाच रेणूची एक साक्ष घराच्या आतली आणि दुसरी अंगणातली.

आतल्या साक्षीदाराचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ताऱ्याचे तेज बदलले, की अवरक्त किरण बदलतात आणि त्यांबरोबर मेसरही कमीअधिक होतो. दक्षिण आफ्रिकेत हार्टेबीस्टहुक येथे २६ मीटरची एक दुर्बीण आहे. १९६१ साली ती अंतराळयानांशी संपर्क ठेवण्यासाठी उभारली होती. ते काम संपल्यावर ती खगोलशास्त्राकडे आली. तेथील संशोधकांनी काही मेसर वर्षानुवर्षे चिकाटीने मोजले आणि २००३ साली त्यांतील एक दर २४४ दिवसांच्या आसपास नियमाने उजळतो, असे दाखवून दिले. एकच वस्तू पुनःपुन्हा मोजण्याचे हे काम कंटाळवाणे खरे. मोठ्या दुर्बिणी त्यासाठी मोकळ्या नसतात; निवृत्त दुर्बिणींना मात्र सवड असते.

जपानमध्येही उपग्रहांमार्फत दूरध्वनी चालवण्याच्या कामातून निवृत्त झालेल्या ३२ मीटरच्या तबकड्या मेसरांच्या निरीक्षणासाठी वापरल्या जात होत्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी कळवले, की एस २५५ मधील मिथेनॉल मेसर एकाएकी भडकला आहे. ही बातमी मिळताच इतरांनी अवरक्त दुर्बिणी तिकडे वळवल्या. धुळीआडचा तारा खरोखरच उजळला होता. त्याचे तेज पाचपटींहून अधिक वाढले होते. ताऱ्याचा उजेड भोवतालच्या धुळीवर पडून परतत होता. त्या परतलेल्या उजेडावरून हिशेब करता ही घटना जून २०१५ च्या मध्यास सुरू झाली असे निघाले. आपल्याला ती तेव्हा दिसली, एवढाच याचा अर्थ. प्रत्यक्षात ती ६ हजार वर्षांपूर्वी घडून गेली होती. काही महिन्यांत या ताऱ्याने जी जादा ऊर्जा बाहेर टाकली, तेवढी टाकण्यास सूर्याला सुमारे एक लाख वर्षे लागतील. ही ऊर्जा चकतीतील वायूचा मोठा लोंढा एकदम ताऱ्यावर कोसळल्यामुळे निघाली होती. मेसरच्या जागाही बदलल्या. आधीचा सर्वांत तेजस्वी मेसर मावळला आणि ताऱ्यापासून अधिक दूर नवे मेसर पेटले, कारण आता उष्णता तेथवर पोहोचत होती.

लहान तारे असे घासाघासाने वाढतात, हे पूर्वीच माहीत होते. सूर्याच्या २० पट वस्तुमानाचा ताराही तसाच चकतीतून घास घेताना प्रथम येथे दिसला. पण अजून निम्मी गोष्ट बाकी होती. गिळणे दिसले, फेकणे दिसेल काय? अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथे २७ तबकड्यांचा मोठा रेडिओ दुर्बीणसमूह आहे. त्याने या ताऱ्यावर नजर ठेवली. वर्षभर विशेष काही घडले नाही. जुलै २०१६ मध्ये, म्हणजे घास घेतल्यानंतर सुमारे १३ महिन्यांनी, ताऱ्यातून निघणाऱ्या झोताच्या रेडिओ लहरी वेगाने वाढू लागल्या. चकतीतून आत आलेल्या वायूचा काही भाग बहिर्वाहात जाऊन मिळाला होता. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची ही जोडी मोठ्या ताऱ्यात एकापाठोपाठ एक प्रथमच तारखांसह मोजता आली. आदळून एक होणारे तारे अन्यत्र कोठे नसतीलच, असे यावरून म्हणता येत नाही. पण चकतीतून मोठा तारा वाढूच शकत नाही, असेही आता कोणी म्हणत नाही.

वृश्चिक राशीतील एका मेघातही २०१५ सालीच असा भडका दिसला. त्यानंतर निरनिराळ्या देशांतील निरीक्षकांनी संघटित होऊन मेसरांवर पहारा बसवला. त्याचे फळ लवकरच मिळाले. जानेवारी २०१९ मध्ये जपानच्या हिताची येथील तबकडीने आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने आणखी एक मेसर भडकल्याचे टिपले. तो सुमारे २२ हजार प्रकाशवर्षे दूर होता. या वेळी दुर्बिणी आधीपासून सज्ज होत्या. अनेक देशांतील तबकड्या एकत्र जोडून फेब्रुवारीत काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा चित्रे घेण्यात आली. मेसरांचे ठिपके ताऱ्याभोवती कड्यासारखे मांडलेले होते, आणि दुसऱ्या चित्रात ते कडे मोठे झालेले होते. हिशेब केला तेव्हा कड्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या शंभरात चार ते आठ भाग इतका निघाला. वायू इतक्या वेगाने धावणे तेथे शक्य नव्हते, आणि तो धावलाही नव्हता. तो आपल्या जागीच होता. ताऱ्याने घास घेताच उसळलेली उष्णतेची लाट धुळीतून बाहेर पसरत होती, आणि ती जेथे जेथे पोहोचली तेथे तेथे मिथेनॉल पेटत गेले.